छातीतले पाणी आणि त्यातल्या खुणा

हिंगोली जिल्ह्यात कुणाच्या छातीत पाणी झाले की घरात पहिले नाव निघते ते टीबीचे. शेजारीपाजारी तेच म्हणतात, गावातला डॉक्टर तेच म्हणतो आणि बऱ्याच वेळा ते खरेही ठरते. विशी-पंचविशीतला मुलगा, पंधरा दिवसांचा ताप, एका कुशीला दुखणारी छाती, सुई घातली तर पिवळसर पाणी. सहा महिन्यांची औषधे नेमाने घेतली की तो पुन्हा शेतात उभा राहतो. अडचण इथे नाही. अडचण आहे ती साठी ओलांडलेल्या बाईची. तिने जन्मभर पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांच्या धुरात स्वयंपाक केला, विडीला कधी हात लावला नाही. तिच्याही छातीत पाणी भरते. ताप नाही, वजन मात्र उतरलेले. तिलाही त्याच गोळ्या सुरू होतात, कारण छातीत पाणी म्हणजे टीबी. दोन महिन्यांनी पाणी पुन्हा भरते, मग नांदेडची वाट धरली जाते आणि तिथे कळते की हा फुफ्फुसाचा कर्करोग होता, पहिल्या दिवसापासून.

हे पुस्तक त्या दोन महिन्यांविषयी आहे. छातीतले पाणी कर्करोगाचे की साधे, हे सांगणाऱ्या ज्या खुणा त्या पाण्यातच असतात, ज्यांना आता सगळेच बायोमार्कर म्हणतात, त्यांची ओळख पुढील पानांत करून दिली आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. महागड्या ट्यूमर मार्करपेक्षा आपल्या जिल्ह्यात दोन स्वस्त तपासण्या अधिक कामाच्या आहेत, आणि त्यांचे खरे काम कर्करोग सिद्ध करणे हे नाही. विनापुरावा टीबीची औषधे सुरू करणारा हात थांबवणे आणि रुग्णाला वेळेत पुढे धाडणे, हे त्यांचे काम.

फुफ्फुसाला दुपदरी आवरण असते. त्या दोन पदरांच्या फटीत एरवी दोन-चार चमचे द्रव असतो, श्वास घेताना घर्षण होऊ नये एवढ्यापुरता. तो सतत झिरपतो आणि बाहेरच्या पदरातल्या लसीकावाहिन्या तो सतत शोषून घेतात. हा हिशेब बिघडला की पाणी साचते. हृदय थकले तर दाबाने झिरपणे वाढते, यकृत किंवा मूत्रपिंड बिघडून रक्तातले अल्ब्युमिन उतरले तरी तेच होते. टीबीत आवरण स्वतःच सुजते. कर्करोगात बहुधा दुहेरी मार असतो : गाठीच्या पेशी आवरणावर पसरून रक्तवाहिन्या गळक्या करतात आणि पाणी शोषणाऱ्या वाहिन्याही बुजवतात. म्हणून ते पाणी काढले तरी पुन्हा भरते. नातेवाईक हात जोडून म्हणतात, ‘साहेब, पाणी काढू नका, एकदा काढलं की परत परत भरतं.’ त्यांनी पाहिलेले खोटे नसते. पण पाणी भरते ते आजारामुळे. सुईचा त्यात दोष नाही, हे त्यांना समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो.

छातीत पाणी आहे हे ओळखणे फार जुने आहे. ऑस्ट्रियातल्या लेओपोल्ड आउएनब्रुगर या वैद्याने १७६१ साली छातीवर बोटांनी ठोकून आवाजावरून निदान करण्याची रीत लिहून काढली. तो खानावळवाल्याचा मुलगा होता आणि पिंपात दारू किती उरली हे ठोकून पाहण्याची तऱ्हा त्याने घरीच पाहिली होती, असे सांगतात. आजही तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रेची फिल्म हातात येण्याआधी चांगला डॉक्टर पाठीवर दोन बोटे ठोकतो आणि बद्द आवाज आला की समजतो. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत साधारण दोनशे मिलिलिटर पाणी झाल्यावर ते दिसू लागते, सोनोग्राफीत त्याहून कितीतरी आधी. पाणी आहे हे कळणे सोपे, कशाचे आहे हे कळणे अवघड. पुढची सगळी अडीचशे वर्षे त्यातच गेली.

पहिली भक्कम पायरी १९७२ ची. अमेरिकेतले डॉ. रिचर्ड लाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यातले प्रोटीन व एलडीएच हे एन्झाइम रक्तातल्या मूल्यांशी ताडून पाहिले. पाण्यातले प्रोटीन रक्तातल्या प्रोटीनच्या निम्म्याहून अधिक, एलडीएच रक्तातल्या एलडीएचच्या ०.६ पटीहून अधिक, किंवा पाण्यातले एलडीएच रक्तासाठी ठरलेल्या वरच्या मर्यादेच्या दोन तृतीयांशाहून अधिक. यांपैकी एक जरी लागू झाले तरी ते पाणी एक्झुडेट, म्हणजे आवरणाच्या आजाराचे. एकही लागू नसेल तर ट्रान्सुडेट, म्हणजे हृदय-यकृत-मूत्रपिंडाकडे बघा. पन्नास वर्षांनंतरही जगभर हाच निकष पहिला लावतात. त्यात एक खोच आहे. हृदयाच्या रुग्णाला लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पाणी आटून घट्ट होते आणि ट्रान्सुडेट असूनही एक्झुडेटसारखे दिसते. अशा वेळी रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातले अल्ब्युमिन वजा करावे, फरक डेसिलिटरला १.२ ग्रॅमहून जास्त आला तर हृदयावरच संशय ठेवावा. या निकषासाठी पाण्यासोबत त्याच दिवशीचे रक्त लागते. आपल्याकडे पाण्याची बाटली जाते आणि रक्त राहून जाते, ही रोजची गोष्ट आहे.

एक्झुडेट ठरले की आपल्या भागात खरी लढत दोघांत उरते, टीबी आणि कर्करोग. न्यूमोनियाचे पाणी आणि पू बहुतेक वेळा ताप, खोकला आणि पाण्याच्या रंगावरूनच ओळखू येतात. टीबीच्या पाण्यात जंतू फार थोडे असतात. स्लाइडवर ते दिसणे दुर्मीळ, कल्चरला आठवडे लागतात, आणि थुंकीत उत्तम चालणारी सीबीनॅट तपासणी छातीच्या पाण्यात निम्म्या रुग्णांनाही धड पकडत नाही. ही पोकळी एडीएने भरली. अडेनोसिन डिअमिनेज हे एन्झाइम आहे. टीबीच्या जंतूंवर तुटून पडणाऱ्या लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज पेशी खवळल्या की ते पाण्यात वाढते. इटलीतल्या संशोधकांनी १९७८ साली छातीच्या पाण्यात त्याचा उपयोग दाखवला. आज लिटरला ४० युनिट ही रेघ सर्वमान्य आहे. तपासणी साधी, रंग बदलण्यावर चालणारी, तालुक्याच्या लॅबलाही जमणारी.

ही रेघ मात्र सगळीकडे सारखी बोलत नाही. ज्या देशात टीबी जवळजवळ संपला तिथे एडीए ४० च्या खाली आला की टीबीचा विचार सोडून देतात. आपल्याकडे ४० च्या वर आला की टीबीवर विश्वास बसतो आणि तो बहुधा सार्थ असतो. पण पू झालेल्या पाण्यातही एडीए चढतो, लिम्फोमातही चढतो, संधिवाताच्या पाण्यातही चढतो. उलट म्हाताऱ्या माणसात टीबी असूनही तो खाली राहू शकतो. म्हणून आकडा वाचण्याआधी वय वाचावे. पंचविशीतल्या तापकरी मुलाचा ३६ आणि पासष्टीतल्या तंबाखू खाणाऱ्या बाबांचा ३६ हे सारखे नाहीत. पहिल्याबाबत टीबीचा संशय कायम ठेवावा, दुसऱ्याबाबत कर्करोग शोधायला लागावे.

आता मायक्रोस्कोपखाली. पाणी यंत्रात फिरवून तळाला बसलेला गाळ काचपट्टीवर पसरतात आणि रंगवतात. टीबीच्या पाण्यात शेजारीशेजारी लहान, गोल, गडद लिम्फोसाइट दिसतात, आवरणाच्या स्वतःच्या मेझोथेलियल पेशी औषधालाही सापडत नाहीत. कर्करोगाच्या पाण्यात, नशीब असेल तर, पेशींचे गोळे तरंगताना दिसतात : केंद्रके अवाढव्य, एकमेकांवर चढलेली, काहींच्या पोटात श्लेष्माचे पोकळ थेंब. असे दिसले की वादच मिटला. पण असे दिसतेच असे नाही. सगळ्या प्रकारांचा मिळून विचार केला तर कर्करोगाच्या पाण्यात पहिल्या तपासणीत पेशी सापडतात त्या दहापैकी सहा जणांच्या आसपास. अ‍ॅडेनोकार्सिनोमात हे प्रमाण बरे, स्क्वॅमस प्रकारात वाईट, आवरणाच्याच कर्करोगात, म्हणजे मेझोथेलिओमात, त्याहून वाईट. दुसऱ्यांदा पाठवले तर आणखी काही सापडतात, तिसऱ्यांदा फारसे हाती लागत नाही. त्यातून सुजलेल्या आवरणाच्या पेशी कर्करोगाच्या पेशींची इतकी हुबेहूब नक्कल करतात, की अनुभवी पॅथॉलॉजिस्टही रिपोर्टात ‘संशयास्पद’ एवढेच लिहून थांबतो. ही पेशींची तपासणी, म्हणजे सायटोलॉजी, ‘निगेटिव्ह’ आली की कर्करोग नाही असा अर्थ घरी लावला जातो. दुर्दैवाने काही दवाखान्यांतही लावला जातो.

या चाळीस टक्क्यांच्या भगदाडात ट्यूमर मार्कर शिरले. सीईए १९६५ साली कॅनडात फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी आतड्याच्या कर्करोगात शोधला. पुढे तो फुफ्फुस आणि स्तनाच्या कर्करोगाच्या पाण्यातही चढलेला सापडला. मग सीए १५-३, सीए १२५, सायफ्रा २१-१ आले. स्पेनमधल्या लेइडाचे डॉ. होसे पोर्सेल यांच्या गटाने २००४ साली या चौघांची एकत्र परीक्षा घेतली. रेघ मुद्दाम इतकी वर ठेवली की साध्या पाण्यातला एकही रुग्ण चुकून कर्करोगात गणला जाऊ नये; सीईएसाठी ५०, सीए १५-३ साठी ७५, सीए १२५ साठी तब्बल २८००. इतके करून चौघांनी मिळून कर्करोगाचे ५४ टक्के रुग्ण पकडले. सायटोलॉजीत निसटलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक त्यांत होते, ही जमेची बाजू. पण ४६ टक्के निसटले. आणि सीए १२५ ची ती २८०० ची रेघ नीट पाहावी. आवरण कशानेही चिडले तरी हा मार्कर चढतो. टीबीने चढतो, हृदयाच्या पाण्याने चढतो. पोटात आणि छातीत टीबीचे पाणी असलेल्या बायकांना केवळ चढलेल्या सीए १२५ वरून अंडाशयाचा कर्करोग सांगून ऑपरेशनच्या टेबलावर घेतल्याच्या घटना आपल्या देशातल्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. चूक दोन्ही दिशांनी होते, हे लक्षात असू द्यावे. मेझोथेलिओमासाठी मेसोथेलिन कामाचा आहे, कारण त्या आजारात सीईए चढत नाही. पण अ‍ॅस्बेस्टॉसशी निगडित हा आजार आपल्या जिल्ह्यात क्वचितच भेटणारा, म्हणून पुस्तकात त्याला दोनच पाने दिली आहेत, ते योग्यच झाले.

माझ्या दृष्टीने सगळ्यात रंजक भाग पुढचा. सिंगापूरचे डॉ. आकाश वर्मा आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली ‘कॅन्सर रेशो’ नावाचा एक साधा भागाकार मांडला : रक्तातले एलडीएच भागिले पाण्यातला एडीए. उत्तर २० च्या वर गेले तर कर्करोगाकडे कल. विचार सरळ आहे. कर्करोगात रक्तातले एलडीएच चढते आणि पाण्यातला एडीए खाली राहतो. टीबीत पाण्यातला एडीए उसळतो. दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहू, आकडे समजण्यापुरते घेतलेले. एका चिठ्ठीवर एलडीएच २६०, एडीए ६५, भागाकार ४. दुसरीवर एलडीएच ४८०, एडीए १२, भागाकार ४०. दोन्ही तपासण्या साध्या लॅबमध्ये होतात, यंत्र नवे नको, किट नवे नको, हिशेब मोबाइलवर होतो. मूळ अभ्यासात संवेदनशीलता ९८ टक्के आणि विशिष्टता ९४ टक्के आली. असे आकडे पाहिले की मी आधी सावध होतो, कारण जिथे पहिला अभ्यास होतो तिथे सगळेच गोड दिसते. तरीही ही कल्पना आपल्या खिशाला आणि आपल्या आजारांना फिट बसणारी आहे.

तिच्या खाचाखोचा हिंगोलीच्या रस्त्यांवरच कळतात. तांबड्या रक्तपेशींत एलडीएच भरपूर असते. सुई बारीक, रक्त जोरात ओढलेले, नळी एसटीच्या डिक्कीत हिंदकळत, बाहेर मे महिन्यातले मराठवाड्याचे ऊन. पेशी फुटतात, एलडीएच खोटे चढते आणि भागाकार भलतेच बोलतो. सीरम लालसर दिसले की तो आकडा फेकून द्यावा आणि पुन्हा रक्त घ्यावे. दुसरी खोच त्याहून महत्त्वाची. हृदयाच्या पाण्यातही एडीए कमीच असतो, त्यामुळे भागाकार फुगून येतो. म्हणून आधी लाइटचा निकष, एक्झुडेट ठरल्यावरच हा भागाकार. हा क्रम ज्याने मोडला त्याने एखाद्या हृदयरुग्णाच्या घरात विनाकारण रडारड लावली म्हणून समजा.

हळदीचा विषय निघाल्याशिवाय आपल्याकडे कर्करोगावरचे बोलणे पुरे होत नाही, आणि वसमतचा बाजार ज्या जिल्ह्यात आहे तिथे ते साहजिकही आहे. कुरकुमिनवर जगभर संशोधन चालू आहे. पण तोंडाने घेतलेल्या हळदीतले कुरकुमिन रक्तात फारच थोडे उतरते. हळदीचे दूध जरूर प्यावे; बायोप्सीची तारीख मात्र त्याच्यापायी पुढे ढकलू नये.

एवढी घाई कशासाठी, असा प्रश्न सुजाण वाचक विचारील. छातीच्या आवरणापर्यंत पोचलेला कर्करोग चौथ्या टप्प्यात मोडतो, मग दोन महिने इकडे की तिकडे? पंचवीस वर्षांपूर्वी या प्रश्नाला उत्तर देणे कठीण होते. आज तसे नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, ९०७ रुग्णांच्या अभ्यासात २३ टक्के जणांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकातला बदल सापडला, आणि हा बदल धूम्रपान न करणाऱ्या व स्त्रियांमध्ये अधिक असतो. म्हणजे चुलीपुढची ती बाई. तिच्यासाठी गोळी आहे. त्याच रुग्णालयाच्या डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी असा बदल असलेल्या ३५० रुग्णांची चाचणी २०२० साली प्रसिद्ध केली. नुसत्या जेफिटिनिब या गोळीवर आजार सरासरी ८ महिने थोपून राहिला, सोबत केमोथेरपी दिली तेव्हा १६ महिने. आणि हा जनुकबदल शोधण्यासाठी गाठीपर्यंत पोचायलाच हवे असे नाही; छातीतल्या पाण्याच्या गाळाचा सेल ब्लॉक, म्हणजे मेणात घट्ट केलेली वडी, करून, कधी कधी गाळ खाली बसल्यावर वर राहिलेल्या पाण्यातूनही तो सापडतो. त्याच सेल ब्लॉकवर टीटीएफ-१ लावले तर फुफ्फुस, गाटा-३ लावले तर स्तन, पॅक्स-८ लावले तर अंडाशय असा मूळ गाठीचा माग लागतो. ज्या बाटलीतले उरलेले पाणी आपण बेसिनमध्ये ओततो, त्यात हे सगळे असते.

टीबीच्या औषधांची इथे आणखी एक कुरापत आहे. त्यांतले रिफाम्पिसिन यकृतातली एन्झाइम इतकी जोरात कामाला लावते की जेफिटिनिब शरीरात टिकत नाही. निरोगी स्वयंसेवकांवरच्या अभ्यासात जेफिटिनिबचे रक्तातले एकूण प्रमाण ८३ टक्क्यांनी घटलेले आढळले. ‘टीबीची औषधे चालू करून तर बघू, नुकसान काय?’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

शेवटी तुकडा लागतोच. कुठलाही मार्कर बायोप्सीची जागा घेत नाही, आणि पुस्तकानेही तसा दावा केलेला नाही. थोरॅकोस्कोपीत, म्हणजे छातीत दुर्बीण घालून, आवरण डोळ्यांनी पाहून तुकडा घेतला तर दहापैकी नऊहून अधिक वेळा उत्तर मिळते. ती सोय अजून सगळ्या जिल्ह्यांत नाही. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला आपला जिल्हा बराच काळ नांदेड आणि संभाजीनगरच्या भरवशावर राहिला. हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ ला झाले. तिथले विभाग भरतील, यंत्रे येतील. तोवर कळमनुरीच्या, सेनगावच्या, औंढ्याच्या रुग्णाने नांदेडपर्यंत जायचे की नाही, हे ठरवण्यासाठी तालुक्यातच होणाऱ्या एडीए आणि एलडीएचचा आधार घ्यायचा आहे. मजुरी बुडवून, उसाच्या टोळीची उचल अंगावर असताना जाणाऱ्या माणसाला ‘एकदा दाखवून या’ असे मोघम सांगून भागत नाही. ‘पाण्यात टीबीची खूण नाही, कर्करोग नाही याची खात्री करायला तुकडा काढावा लागेल, याच आठवड्यात जा’ असे सांगितले तर तो जातो.

ज्या डॉक्टरांच्या, परिचारिकांच्या आणि लॅब तंत्रज्ञांच्या हाती हे पुस्तक पडेल त्यांना माझी विनंती आहे. पाणी काढाल तेव्हा पेशींसाठी निदान ५० ते ६० मिलिलिटर वेगळे ठेवा, ते गोठू नये म्हणून ईडीटीए किंवा हेपॅरिन घाला आणि त्याच दिवशी जाणार नसेल तर फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवा. पेशी दोन-तीन दिवस तग धरतात. त्याच वेळी दंडातले रक्त एलडीएच आणि प्रोटीनसाठी घ्या. आणि तपासणीच्या चिठ्ठीवर नुसते ‘प्लुरल फ्लुइड’ लिहून पाठवू नका. वय, तंबाखू, कोणती बाजू, पाण्याचा रंग, कितव्यांदा काढले, पूर्वी टीबीची औषधे झाली आहेत का, एवढे लिहा. पलीकडे मायक्रोस्कोपवर बसलेल्या माणसाला त्या बाटलीमागचा रुग्ण तेवढाच दिसतो.